पीआरपीचं पॅकेज घेऊ का?

त्वचा आणि केस : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझं वय २९. गाव बार्शी, नोकरी हिंजवडीला. तीन वर्षांपासून कपाळ दोन्ही बाजूंनी मागे सरकतंय, आता भोवऱ्यापाशीही टाळू दिसते. वडील आणि मामा दोघांनाही टक्कल आहे. केसांच्या एका क्लिनिकमध्ये गेलो, तर काउन्सेलर ताई म्हणाल्या, गोळ्या नकोत, त्यांनी पुरुषत्वावर परिणाम होतो. पीआरपी पूर्ण नैसर्गिक आहे. आठ सिटिंगचे ४८ हजार, आजच भरले तर ३६. मार्चमध्ये माझं लग्न आहे. आपलंच रक्त काढून डोक्यात टोचणं सुरक्षित आहे का? केस खरंच येतात का? आईला भीती वाटते की डेंग्यूत होतात तशा प्लेटलेट्स कमी होतील.
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी आईंची काळजी मिटवू. पीआरपी म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा, आपल्याच रक्तातला प्लेटलेट्सनी दाट केलेला भाग. त्यासाठी बहुतेक ठिकाणी १० ते २० मिलिलिटर रक्त काढतात, काही पद्धतींत थोडं जास्त. रक्तदानात ३५० मिलिलिटर देतो आपण. अंगात पाचेक लिटर रक्त असतं. एवढ्याशाने प्लेटलेट्स घटत नाहीत, हे त्यांना माझ्या नावाने सांगा.

आता एक कबूल करून टाकते. माझ्या दवाखान्यातही रक्ताच्या नळ्या फिरवणारं यंत्र, सेंट्रिफ्यूज, आहे आणि मीही पीआरपी करते. तेव्हा पुढचं सगळं त्या हिशेबाने वाचा.

रक्त न गोठण्याचं द्रव्य असलेल्या नळीत तुमचं रक्त घेतात आणि ती यंत्रात गरगरा फिरवतात. बाहेर काढली की खाली लाल पेशी बसलेल्या असतात, वर पिवळसर पाणी म्हणजे प्लाझ्मा, आणि मध्ये दुधावरच्या सायीइतका पातळ पांढुरका थर. मोलाचा माल त्या थरात आणि त्याच्या लगत वर असतो. बरेच जण वरचा प्लाझ्मा पुन्हा एकदा फिरवून प्लेटलेट्स आणखी दाट करून घेतात. मग बारीक सुईने टाळूवर साधारण एकेक सेंटिमीटरवर थेंब थेंब सोडत जायचं. प्लेटलेट्समधून वाढीला चालना देणारी प्रथिनं बाहेर पडतात आणि त्यांनी केसाचं मूळ जागं होतं, अशी यामागची कल्पना.

रक्तात एका मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. पीआरपीत त्या तिप्पट ते पाचपट हव्यात. ‘तुमच्या पीआरपीत किती येतात, कधी मोजून बघितलंत का?’ एवढं त्या ताईंना विचारून बघा. ‘आम्ही तीन हजार आरपीएमला (म्हणजे मिनिटाला तीन हजार फेऱ्या) फिरवतो’ हे उत्तर नव्हे. दोन यंत्रांचे हात लहानमोठे असले की त्याच आरपीएमला जोर वेगळा बसतो. नाव एकच, पण दोन क्लिनिकांच्या सिरिंजमधला माल एकच असेल याची खात्री नाही.

केस येतात का? २०१४ मध्ये पुण्यातल्याच एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागाने असे ११ रुग्ण घेतले, ज्यांना सहा महिने मिनॉक्सिडिल हे टाळूला लावायचं औषध आणि फिनास्टेराइडची गोळी देऊनही गुण आला नव्हता. दोन-दोन आठवड्यांनी चार वेळा पीआरपी केलं आणि केस मोजण्याइतके वाढले. पण तुलनेला दुसरा गट नव्हता. २०१५ मध्ये रोममधल्या डॉक्टरांनी डोक्याच्या अर्ध्या भागात पीआरपी आणि अर्ध्या भागात नुसतं सलाइन, म्हणजे बिनऔषधाचं मिठाचं पाणी टोचलं; पीआरपीचा भाग स्पष्ट पुढे गेला. म्हणून मी ही गोष्ट थोतांड म्हणत नाही. इराणमधल्या एका छोट्या चाचणीत मात्र काहीच फरक दिसला नाही. आणि २०२० च्या एका अमेरिकी चाचणीत तर गंमतच झाली : पीआरपी टोचलेल्या भागात केस वाढले आणि सलाइन टोचलेल्या भागातही वाढले, दोन्हींत सांगण्याजोगा फरक नव्हता.

सलाइनने केस कसे वाढतील? याचा धागा आपल्या सायन रुग्णालयातल्या २०१३ च्या अभ्यासात सापडतो. १०० पुरुषांपैकी निम्म्यांना नुसतं मिनॉक्सिडिल दिलं आणि निम्म्यांना त्यासोबत आठवड्यातून एकदा डोक्यावर बारीक सुयांचा रोलर फिरवला. बारा आठवड्यांनी रोलरवाल्यांच्या ठरावीक जागेत सरासरी ९१ केस वाढले होते, इतरांच्या २२. तिथे पीआरपीचा थेंबही नव्हता. म्हणजे सुईने होणारी बारीकशी जखम स्वतःच काहीतरी करते. पीआरपीचं श्रेय प्लाझ्माला किती आणि सुईला किती, हा हिशेब अजून नीट लागलेला नाही. मी रुग्णांना हे सांगते तेव्हा काही जण उठून जातात. जाऊ देत.

तुमच्यासारख्या वर्णनाचा रुग्ण समोर बसला की मी भिंगाने टाळू बघते. एकाच चौकोनात जाड केस, त्याच्या शेजारी निम्म्या जाडीचा, पलीकडे लवेसारखा, असं दिसलं की समजायचं, मुळं आहेत, पण बारीक होत चालली आहेत. ती बारीक करतो डीएचटी नावाचा हार्मोन. पीआरपी डीएचटीला हातही लावत नाही. म्हणून ‘गोळ्या नकोत’ हे त्या ताईंचं वाक्य मला सगळ्यात खटकलं. डीएचटी कमी करतं ते फिनास्टेराइड. १ मिलिग्रॅमची गोळी टकलासाठी अमेरिकेत १९९७ पासून मान्य आहे. लैंगिक तक्रारी होतात, हे खरंय. पण मूळ चाचण्यांत त्या गोळी घेणाऱ्यांत शंभरात चारेक जणांना झाल्या आणि खोटी गोळी घेणाऱ्यांतही दोघांना. बहुतेकांच्या गोळी थांबवल्यावर गेल्या. काहींच्या पुढेही राहिल्याच्या नोंदी आहेत. पूर्वी नैराश्य आलं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. गोळी चालू असताना रक्तदान करू नका, थांबवल्यावरही महिनाभर नाही. ते रक्त गर्भवतीला चढलं तर मुलग्याच्या गर्भाला धोका. लग्नानंतर गोळीचा चुरा बायकोच्या हाताला लागू नये, तोही याच कारणाने. हे सगळं ऐकून गोळी नको वाटली तर नुसतं मिनॉक्सिडिल लावा. पहिले काही आठवडे केस जास्त गळू शकतात. घाबरून बंद करू नका.

यावर जोड म्हणून पीआरपी करायचं असेल तर करा. महिन्याने एक अशी तीन सिटिंग, पैसे दर वेळी वेगळे. आधी आणि सहा महिन्यांनी त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली, केस तेवढेच कापून फोटो काढा. फरक नसेल तर थांबा. आणि फरक पडलाच तर तो टिकवायला दर सहा-आठ महिन्यांनी पुन्हा सुई आली, हे पॅकेज विकताना कोणी सांगत नाही. आज भरले तर स्वस्त आणि उद्या महाग, असलं औषध मी तरी शिकले नाही.

सुरक्षिततेचं म्हणाल, तर आपलाच प्लाझ्मा असल्याने त्याची ॲलर्जी येण्याचा प्रश्न जवळपास नाही. दुखतं, टाळू दोन दिवस ठणकते, कधी सूज कपाळावर उतरते. लग्नाच्या आठवड्यात म्हणूनच नको. खरा धोका हाताळणीत. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात विनापरवाना चालणाऱ्या एका स्पामध्ये २०१८ मध्ये चेहऱ्यावर सुयांनी पीआरपी करून घेतलेल्या काही बायकांना एचआयव्ही झाला. तिथल्या सरकारी यंत्रणेने २०२४ मध्ये तो तपास प्रसिद्ध केला. उपचार तोच, सुया आणि नळ्या हाताळण्याची रीत भलती. म्हणून नळी आणि सिरिंज तुमच्यासमोर फोडायला सांगा. रक्त काढल्याबरोबर नळीवर तुमचं नाव लिहिलेलं बघा, कारण शनिवारी संध्याकाळी एकाच यंत्रात तिघांच्या नळ्या फिरत असतात. तपासणीच्या लॅबमधली साधी नळी पुन्हा अंगात टोचायच्या रक्तासाठी नसते. पीआरपीसाठीची निर्जंतुक किट वेगळी येते. आणि सुई डॉक्टरांच्या हातात हवी, ताईंच्या नव्हे.

प्लेटलेट्स मुळात कमी असतील, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, टाळूवर पुळ्या असतील, कर्करोगावर उपचार चालू असतील, तर पीआरपी करू नका. आधीचे काही दिवस ब्रुफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळतात. पण हृदयासाठी ॲस्पिरिन घेत असाल तर ती केसांसाठी मनाने बंद करायची नाही.

मार्चपर्यंत किती केस येतील? केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो आणि फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात. लग्नाच्या फोटोसाठी चांगला न्हावी जास्त उपयोगी. औषध पुढच्या दहा वर्षांसाठी घ्या.

प्रश्न : यजमान ४१ वर्षांचे आहेत. श्रावणात डेंग्यू झाला, दवाखान्यात ठेवावं लागलं. आता अंघोळीला मोरीच्या जाळीवर केसांचा पुंजका अडकतो. पीआरपी सुचवलंय. करावं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नको. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस असे सबंध डोक्यावरून गळतात आणि बहुतेकांचे सहाएक महिन्यांत आपोआप भरून येतात. मध्ये पीआरपी केलं की श्रेय त्याला जातं. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, जेवणात डाळ-उसळ-अंडी वाढवा. गळती समोरून किंवा भोवऱ्यावरच जास्त असेल, तर मात्र एकदा प्रत्यक्ष दाखवा.

प्रश्न : वय ५४. माथा पंधरा वर्षांपासून गुळगुळीत. चार पीआरपी झाली, एक केस नाही. आता जीएफसी किंवा एक्सोसोम करा म्हणतात.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : गुळगुळीत चमकणाऱ्या माथ्यावर पीआरपी करायलाच नको होतं. जीएफसी म्हणजे त्याच प्लेटलेट्समधला अर्क, आणि मूळच उरलेलं नसेल तर अर्क काय करणार? एक्सोसोम म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेले अतिसूक्ष्म कण; त्यांच्या एकाही उत्पादनाला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, मान्यता दिलेली नाही. मागचे केस दाट असतील तर केसरोपणाचं विचारा, आणि ते डॉक्टर स्वतः करणार की तंत्रज्ञ, हे आधी लिहून घ्या.