गॅसच्या टाकीत १८० बार दाब का नसतो?

प्रश्न: मी अकरावीच्या शिकवण्या घेते. एका मुलाने घरच्या १४.२ किलोच्या गॅसच्या टाकीला पीव्ही बरोबर एनआरटी (आदर्श वायूचा दाब, आकारमान, मोल आणि तापमान जोडणारं सूत्र) लावलं, दाब आला १८० बारच्या वर. मी दोनदा तपासलं, गणित बरोबर आहे. मग टाकी फुटत कशी नाही? (एक वाचक, सांगली)

उत्तर: ताई, आधी त्या मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या, पुस्तकातलं सूत्र स्वयंपाकघरातल्या टाकीला लावून बघावं असं किती जणांना सुचतं! टाकीत आतून ३३.३ लिटर जागा, सगळा ब्यूटेन धरला तर साधारण २४५ मोल, ३०० केल्विनला १८३ बार येतातच. चुकतं ते सूत्र, ते धरून चालतं की रेणूंना स्वतःची जागा लागत नाही आणि ते एकमेकांना ओढतही नाहीत, आणि टाकीतल्या दाटीत ह्या दोन्ही गोष्टी खोट्या ठरतात. रेणू एकमेकांना धरून ठेवतात, बहुतेक गॅसचा द्रव होतो, वर थोडीच वाफ उरते, आणि दाब किती ते ही वाफ ठरवते, तो नेहमीच्या हवेत दहा बारच्या आतच असतो.

१८७३ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला व्हॅन डर वाल्स ह्या डच शास्त्रज्ञाने आपल्या प्रबंधात नेमक्या ह्याच दोन दुरुस्त्या केल्या, ओढीसाठी ए, जागेसाठी बी. एकाच समीकरणात वायू पण आला आणि द्रव पण, मला आजही हे फार भारी वाटतं. १९१० चं नोबेल त्यालाच मिळालं.

पण मुलाला पुढचं गणितही करू द्या. ब्यूटेनचा बी मोलला ०.१२२६ लिटर, गुणिले २४५ म्हणजे नुसत्या रेणूंनाच ३० लिटर जागा, आणि खरा द्रव तर २५ लिटरच्या आसपास मावतो! द्रवाची घनता काढताना हे समीकरण असं मार खातं, म्हणून १९७६ चं पेंग-रॉबिन्सन हे सुधारलेलं समीकरण आलं, त्यात बी साधारण ०.०७२ धरतात, गॅस आणि तेलवाले इंजिनियर ते आजही रोज वापरतात.

आणि घरी एक करून बघा, टाकी ओल्या फडक्याने पुसा, आत द्रव आहे तिथपर्यंतचा भाग उशिरा वाळतो, वरचा आधी. मुलाला ती रेघ खडूने आखू द्या.