‘फाइन’ या इंग्रजी शब्दाचे नेमके अर्थ काय? समानार्थी शब्द सांगा.

अर्थ सोबतच्या शब्दावरून ठरतो. ‘आय ॲम फाइन’ म्हणजे मी ठीक आहे. कापड फाइन असेल तर तलम, पूड असेल तर वस्त्रगाळ (मराठीतला हा शब्द मला मूळ शब्दापेक्षा सरस वाटतो), फाइन आर्ट म्हणजे ललित कला. भांडणात तुटकपणे ‘फाइन!’ म्हटलं, की अर्थ होतो ‘कर काय करायचंय ते’.

नाम म्हणून मात्र दंड. दोन्हींचं मूळ लॅटिन ‘फिनिस’, म्हणजे शेवट: पैसे भरले की प्रकरण मिटलं, म्हणून दंड, आणि गुणवत्तेचं शेवटचं टोक, म्हणून उत्तम.

इंग्रजी समानार्थी: चांगल्यासाठी एक्सलंट, बारीकसाठी थिन, दंडासाठी पेनल्टी.