फक्त फॉस्फेटवरून प्राचीन शेती ओळखता येत नाही

ओढ्याच्या दरडीत दिसणाऱ्या थरांवरून तिथे प्रागैतिहासिक काळी शेती होती, गुरं होती की नुसतं रान होतं हे कसं ओळखायचं, आणि फॉस्फेटची (म्हणजे मातीतल्या फॉस्फरसची) चाचणी त्याला पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. पुरणार नाही. शेण, हाडं, राख यांतला फॉस्फरस मातीतल्या लोह, ॲल्युमिनियम आणि कॅल्शियमशी घट्ट बांधला जातो आणि हजारो वर्षं टिकतो, हे खरं. पण वाढलेला आकडा वस्तीचा, गोठ्याचा की खत घातलेल्या शेताचा, हे त्यातून कळत नाही. शिवाय आजच्या रासायनिक खताचा फॉस्फरसही त्यात मिसळलेला असतो. त्याच खडकावरच्या, तशाच उताराच्या पण वस्तीपासून लांबच्या जागेचे नमुने तुलनेला नसतील, तर त्या आकड्यांना काही अर्थ नाही.

सुरुवात दरडीपासूनच करा. दर्शनी भाग २०-३० सेंमी आत कापून थापीने साफ करा, हलकं पाणी फवारा आणि प्रत्येक थराबाबत आधी एकच गोष्ट ठरवा: ही माती जागेवर तयार झालेली आहे की वाहून आलेली? जागेवरच्या जुन्या मातीत मुळांच्या नळ्या दिसतात, ढेकळांची बांधणी असते आणि वरचा काळपटपणा खाली हळूहळू विरतो. उतारावरून आलेल्या मातीची खालची सीमा बहुधा स्पष्ट असते, आणि खडे, कोळशाचे कण, झिजलेली खापरं सगळं सरमिसळ असतं. नमुने खालून वर घेत जा, म्हणजे वरची माती खालच्या नमुन्यात पडत नाही. दर ५ सेंमीला एक चालेल, पण एका नमुन्यात दोन थर येऊ देऊ नका.

जमिनीचा वापर सगळ्यात नीट कळतो तो मातीच्या सूक्ष्मरचनेतून, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या बांधणीतून. साधारण ८ × ६ सेंमीचा पत्र्याचा डबा दोन थरांच्या सीमेवर बसवून अखंड ठोकळा काढा आणि वरची बाजू बाणाने दाखवा. प्रयोगशाळेत तो सुकवून रेझिनमध्ये (नंतर कडक होणाऱ्या चिकट द्रवात) मुरवतात आणि ३० मायक्रॉन जाडीची चकती घासतात. चिकणमाती घाईने सुकवली तर तडे जातात आणि ते तडे मूळचेच वाटतात, म्हणून तिच्यातलं पाणी ॲसिटोनने काढतात. चकतीत रवंथ करणाऱ्या जनावरांच्या शेणातले चुनखडीचे ५ ते २० मायक्रॉनचे गोल कण दिसले, तर गुरांचा पुरावा भक्कम. मात्र आम्लधर्मी मातीत ते विरघळतात. त्यामुळे ते नाहीत म्हणजे गुरं नव्हती, असं म्हणता येत नाही.

मातीतल्या सूक्ष्म छिद्रांच्या भिंतींवरचा धुळकट चिकणमातीचा लेप ही नांगरटीची खूण म्हणून बऱ्याचदा सांगितली जाते. तेवढ्यावर विसंबू नका. झाड उन्मळलं, रान तोडलं, तरी तसाच लेप तयार होतो. सोबत खालच्या थराचे तुकडे वरच्या मातीत मिसळलेले आणि खालची सीमा सपाट, कापल्यासारखी असेल तर गोष्ट वेगळी. नांगराचे तास तर उभ्या छेदापेक्षा आडव्या पृष्ठभागावरच स्पष्ट दिसतात. राजस्थानातल्या कालीबंगन इथल्या पूर्व-हडप्पाकालीन शेतात एका दिशेचे तास सुमारे ३० सेंमी अंतरावर, तर त्यांना छेदणारे सुमारे १.९ मीटरवर आहेत. हा नमुना आडवं उत्खनन झालं म्हणूनच दिसला.

कालमापनात फसगत होते ती कोळशामुळे. कार्बन-१४ ने लाकडाचं वय कळतं, माती साचल्याचं नाही. कोळसा वरच्या उतारावर शेकडो वर्षं पडून मग खाली आलेला असू शकतो. त्यावरून 'थर याच्या आधीचा नाही' एवढंच म्हणता येतं. वाळूच्या कणांवर शेवटचा प्रकाश कधी पडला हे ओएसएलने (प्रकाश पाडून कणांतून निघणारी चमक मोजण्याच्या पद्धतीने) मोजतात. त्यासाठी अपारदर्शक नळी छेदात ठोकून दोन्ही टोकं लगेच बंद करतात. भोवतीच्या सुमारे ३० सेंमी मातीतलं प्रारणही हिशेबात येतं, म्हणून थराच्या सीमेला किंवा मोठ्या दगडाला लागून नळी ठोकू नका. माती एकदम घसरून आली असेल तर कणांना पुरेसा प्रकाश मिळत नाही आणि वय जास्त निघतं. अशा वेळी एकेक कण वेगळा मोजून घ्यावा. भेगाळणाऱ्या काळ्या मातीत तर उन्हाळ्यात वरचे कण भेगांतून खोल जातात, तिथे थरांचा क्रम गृहीतच धरू नका.

उतारावरची माती धुपली म्हणजे माणसानेच रान तोडलं, असंही नाही. पाऊसमान बदललं तरी तेच होतं. त्याच थरात पिकांचे फायटोलिथ (वनस्पतींच्या पेशींत साचलेले सिलिकाचे सूक्ष्म कण), परागकण किंवा विष्ठेतले स्टॅनॉल (आतड्यात तयार होणारे स्निग्ध पदार्थ) सापडले, तरच माणसाचा हात म्हणा. माणसाच्या विष्ठेत कोप्रोस्टॅनॉल जास्त असतं, तर रवंथ करणाऱ्यांच्या शेणात २४-एथिलकोप्रोस्टॅनॉल. हे नमुने फॉइलमध्ये किंवा काचेच्या बाटलीत, गोठवून ठेवा. प्लॅस्टिक आणि उघडा हात दोन्ही टाळा, कारण त्वचेवरचं कोलेस्टेरॉलही मोजमापात येतं.

पैसे मोजके असतील तर आधी सगळ्या नमुन्यांची चुंबकीय ग्रहणशीलता (माती चुंबकाला किती प्रतिसाद देते ते) मोजा आणि ५५० अंश सेल्सिअसला ४ तास जाळून किती वजन घटतं ते पाहा, त्यावरून सेंद्रिय द्रव्याचा अंदाज येतो. दोन्ही स्वस्त आहेत. जुना पृष्ठभाग किंवा जळलेली माती बहुधा या आकड्यांत वेगळी उठून दिसते. अपवाद पाणथळ थरांचा, कारण तिथे चुंबकीय खनिजं विरघळून जातात. महागड्या चाचण्यांसाठी मग त्यातलेच थर निवडा.