ऑफर लेटर हातात, घर अजून नाही

प्रश्न : बी. ई. झालं. हिंजवडीतल्या कंपनीत पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला रुजू व्हायचं आहे. आम्ही चार मित्र मिळून लातुरातूनच फोनवर फ्लॅट ठरवतोय. ब्रोकर टोकन मागतोय. द्यावं का? सुरुवातीला किती पैसे लागतील?
— एक वाचक, लातूर

उत्तर : टोकन देऊ नका. घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही. 'मी लष्करात आहे, बदली झाली, चावी कुरिअरने पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा' असं कोणी म्हणालं तर ती सरळ फसवणूक आहे. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. कोणाचे गेलेच असतील तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन करा.

पहिले पंधरा-वीस दिवस ऑफिसजवळ कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका कॉटचं भाडं देऊन, राहा आणि तिथून घर शोधा. त्याआधी कंपनीला विचारा, ऑफिस हिंजवडी आयटी पार्कच्या कुठल्या फेजमध्ये आहे? फेज एकचं ऑफिस धरून वाकडला घर घेतलं आणि बसायला फेज तीनमध्ये मिळालं, तर रोजचा प्रवास पार बदलतो. फ्लॅट रविवारी दुपारी दाखवतात, तेव्हा रस्ता मोकळा असतो. तुम्ही सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी साडेआठला त्या घरापासून ऑफिसपर्यंत जाऊन बघा.

घरात शिरल्यावर रंग-फर्निचर नंतर बघा, आधी नळ सोडा. स्वयंपाकघराचा आणि बाथरूमचा, दोन्ही. पाणी महापालिकेचं की टँकरचं, एप्रिल-मे महिन्यात किती वेळ येतं, टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय की वेगळा, हे मालकाला नव्हे, वॉचमनला आणि शेजाऱ्यांना विचारा. आतल्या खोलीत जाऊन दार लावा आणि फोन लावून बघा. विजेच्या बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकून महावितरणच्या साइटवर थकबाकी तपासा.

करार अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स, आणि तो नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी करून नोंदवणं बंधनकारक आहे आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे. नुसत्या स्टँप पेपरवर सह्या घेऊन भागत नाही. खर्चही मोठा नाही. समजा भाडं २२,००० आणि डिपॉझिट ६०,००० आहे. अकरा महिन्यांचं भाडं २,४२,०००, डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज ५,५००, एकूण २,४७,५००. त्याच्या पाव टक्का, म्हणजे साधारण ६२० रुपये मुद्रांक शुल्क. शहरात नोंदणी फी १,०००. वर नोंदणी करून देणाऱ्या एजंटची फी, ती आधी ठरवून घ्या. एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो. चौघांचीही नावं करारात घाला. एकाच्याच नावावर केलात आणि तोच सहा महिन्यांत नोकरी बदलून गेला, तर उरलेले तिघे कागदोपत्री कोणीच नसतात, डिपॉझिटही त्याच्याच नावावर. नोटिस किती दिवसांची, लॉक-इन (ठरावीक काळ घर सोडता न येण्याची अट) आहे का, सोडताना रंगकामाचे किती कापणार, ही तीन कलमं सहीच्या आधी वाचा. चावी घेताना नळ, गीझर, पंखे आणि मीटरचं रीडिंग यांचा व्हिडिओ काढून त्याच दिवशी मालकाला पाठवून ठेवा. डिपॉझिटचा वाद झाला तर हाच व्हिडिओ उपयोगी पडतो.

पैशांचं : वरच्याच आकड्यांत चौघांत प्रत्येकी डिपॉझिट १५,०००, पहिलं भाडं ५,५००, आणि ब्रोकरने एक महिन्याचं भाडं घेतलं तर आणखी ५,५००. म्हणजे घरात पाऊल टाकतानाच २६,०००. कॉट, डबा, येणं-जाणं वेगळं. पाच तारखेला रुजू झालात तर पहिला पगार महिनाअखेरीला येईल. पण महिन्याच्या उत्तरार्धात रुजू होणाऱ्यांचा पगार बऱ्याच कंपन्या पुढच्या महिन्यात जोडून देतात, म्हणून तारीख पुढे गेली तर दोन महिन्यांची तजवीज ठेवा. गॅसचं कनेक्शन होईपर्यंत पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही.

प्रश्न : मुलगी प्रथमच घराबाहेर पडते आहे. कागदपत्रांत काय राहून जातं?
— एक आई, परभणी

उत्तर : नाव आणि मोबाइल नंबर. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर बहुधा शेवटी. ती चूक नाही, त्यामागे लागू नका. पण आधार, पॅन आणि बँक खातं या तिन्हींवर नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. 'शिंदे'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी एक ई की दोन, एवढ्यावरून पीएफचं केवायसी अडकतं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा केंद्रात फॉर्म भरताना दोनदा वाचा.

आणि तिचं आधार अजून वडिलांच्या नंबरला जोडलेलं असेल, तर ते निघण्याआधी बदला. नाहीतर पुण्यात ती काउंटरवर उभी आणि ओटीपी परभणीत वाजतोय, असं होतं. कॉलेजातून टीसी, सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका आणि तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र आत्ताच घ्या, पुढे सुट्टी काढून यावं लागतं. कंपनीला मूळ प्रती दाखवायच्या आणि परत घ्यायच्या, ठेवून द्यायच्या नाहीत.

प्रश्न : एम एच २४ ची (लातूर पासिंगची) दुचाकी पुण्यात चालेल का? रेल्वेने कशी पाठवावी?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : चालेल. राज्यातल्या राज्यात नंबर बदलावा लागत नाही, फक्त विमा आणि पीयूसी चालू हवेत. रेल्वेने पाठवताना टाकी पूर्ण रिकामी हवी, पेट्रोल सापडलं तर पार्सल घेत नाहीत. आरसीची झेरॉक्स आणि ओळखपत्र न्या. आरसे काढून घरी ठेवा, हँडल आणि टाकीला पोतं गुंडाळून घ्या. नाव, फोन आणि 'पुणे' असं लिहिलेला पुठ्ठा गाडीला घट्ट बांधा. तुमचं त्याच रेल्वेचं तिकीट असेल तर 'लगेज' म्हणून सोबत नेता येते, पैसे जास्त लागतात. 'पार्सल' स्वस्त, पण कधी चढेल ते जागेवर अवलंबून. पोचल्यावर लगेच सोडवा, उशीर झाला की दंडाचं मीटर सुरू होतं.