गाळणं आणि जिवाणी

चि. सोनू,

"आई, नळाच्या पाण्यात आधीच क्लोरीन असतं, फ्रिजला फिल्टर आहे. मग तोटीला बांधलेल्या त्या फडक्यात तू रोज कोणाला वाचवतेस?" हा तुझा प्रश्न मला लागला. तू तो कुचेष्टेनं विचारला नव्हतास, म्हणून जास्तच लागला. बोलताना माझं भलतीकडेच जातं, म्हणून लिहिते.

आपल्या कुंभोजच्या घरी आडाचं पाणी गाळायची रीत आज्जीकडून सगळ्या सुनांनी उचलली. गाळणं जाड सुती कापडाचं, 36 अंगुळं लांब, 24 अंगुळं रुंद, आणि ते दुहेरी करूनच घागरीच्या तोंडावर घालायचं. उन्हाकडे धरलं तर ऊन आरपार दिसता कामा नये. नवं कापड खळ जाईपर्यंत धुवायचं, नाहीतर पाणी वर तुंबतं आणि काठावरून न गाळलेलंच आत उतरतं. पाणी भसाभसा खाली जायला लागलं, की कापड विरलं असं समजायचं. धार बारीक हवी, आणि कापडाला मधे जरा झोळ हवा.

इथवर कुणीही करतं. स्वतःच्या पोटासाठी पाणी गाळायला जैन असावं लागत नाही. आपल्याकडचं खरं काम पुढे सुरू होतं, ते जिवाणीचं. गाळणं पिळायचं नाही, पिळलं की त्यात अडकलेले जीव चिरडतात. ते उलटं करायचं, खाली तांब्या धरायचा आणि गाळलेल्याच पाण्याची धार वरून सोडायची. तांब्यात जमलेलं पाणी ही जिवाणी. ती मोरीत जात नाही, ज्या आडातून पाणी काढलं त्याच आडात परत जाते. दुसऱ्या विहिरीत किंवा नदीत सोडलेली चालत नाही, कारण पाण्याचा खारेपणा आणि गारवा बदलला तर ते जीव तगत नाहीत. वरून ओतायचीही नाही, खोल आडात आपटून मरतील. पोहऱ्यात घालून दोर हळूहळू सोडायचा. पाण्याला टेकला की दोर ढिला द्यायचा, पोहरा आपसूक कलंडतो. गाळलेलं पाणी 48 मिनिटं चालतं, नंतर पुन्हा गाळायचं. लवंगेची पूड घालून रंग-चव बदलली तर 6 तास, उकळलं तर 24 तास.

तुझ्या विज्ञानाला पटेल अशी एक गोष्ट सांगते. पायऱ्यांच्या विहिरींतून पूर्वी नारू व्हायचा. पाण्यातला सायक्लोप्स नावाचा जेमतेम मिलिमीटरभर जीव नारूच्या जंताची अळी अंगात घेऊन पोटात गेला, की साधारण वर्षभरानं पायातून हातभर, कधी त्याहून लांब जंत बाहेर यायचा. सरकारच्या मोहिमेत लोकांना कापडानं पाणी गाळायला शिकवलं, शिवाय विहिरींत औषध टाकून तो सायक्लोप्स मारलाही. देशातला शेवटचा रुग्ण 1996 साली राजस्थानात सापडला, 2000 साली भारत नारूमुक्त ठरला. आज्जीच्या गाळण्यात अडकणाऱ्यांत हाच जीव असायचा, आणि ती त्याला अलगद परत सोडायची. औषध टाकणाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही. माणसांचे पाय सडत होते. पण आज्जीलाही चूक म्हणवत नाही. दोन्ही एकदम कसं बरोबर, ते मला नीट मांडता येत नाही.

आता तुझा प्रश्न. इथल्या तोटीला बांधलेल्या फडक्यात जिवंत असं बहुधा काहीच अडकत नाही. जे होतं ते जलशुद्धीकरण केंद्रातच मेलं, आपल्या वतीनं. आणि अडकलं असतं तरी जिवाणी सोडायला आड कुठाय? म्हणजे इथं रीतीचा पहिला अर्धा भाग उरलाय आणि ज्यात दया होती तो गेलाय. तरीही मी फडकं काढणार नाही. ते धुताना हात आपोआप हलका होतो, पाणीही तुपासारखं जपून वापरलं जातं. तू मात्र तुझ्या खोलीवर ते बांधलंच पाहिजेस असं मी कधी म्हणणार नाही.

पण ज्या ठिकाणी जीव खरोखर आहे, तिथं लक्ष दे. मागच्या अंगणातलं पावसाच्या पाण्याचं पिंप घे. त्यात डासांच्या अळ्या झाल्या की मारण्यावाचून सुटका नसते, म्हणून त्या होण्याआधीच पिंपाच्या तोंडावर बारीक जाळी ताणून बांधायची, कडेला बोटभरही फट न ठेवता. मधे झोळ पडला तर जाळीवरच पाणी साठतं आणि डास तिथं अंडी घालतात, म्हणून दोर दर पावसानंतर आवळायचा. पिठाचं तसंच. आपल्यात पीठ पावसाळ्यात 3, उन्हाळ्यात 5 आणि हिवाळ्यात 7 दिवसच वापरतात ते एवढ्यासाठीच. इथं दुकानातल्या पिठाला ती मर्यादा लावता येत नाही, पण दहा किलोची गोणी न आणता दोन किलोची आणता येते. डाळीत टोके दिसले तर डबा कडक उन्हात ठेवू नकोस, ते भाजून मरतात. डाळ चाळणीनं सावलीत चाळ आणि खाली पडलेले टोके मूठभर चुऱ्यासकट कुंपणापाशी सोडून ये.

दिवाळीत येशील तेव्हा जाळी बदलायची आहे, जुनी एका कोपऱ्यात उसवली आहे.

तुझी,
आई