ओपनकास्ट खाणीतले हॉल रोड कसे बनवतात आणि दर पावसाळ्यात त्यांची वाट का लागते?

तुम्ही लिहिलंय की मायनिंगचा डिप्लोमा झालाय, वणीकडच्या एका कोळसा खाणीत ट्रेनी म्हणून जॉइन व्हायचंय आणि कॉलेजात रस्त्यांबद्दल जेमतेम एक लेक्चर झालं. मी याच वणी-घुग्घुस पट्ट्यात १८ वर्षं ओव्हरमन होतो, म्हणजे खाणीतला शिफ्टचा सुपरवायझर, त्यातली बरीचशी हॉल रोडवरच, म्हणजे डंपरने माल वाहायच्या खाणीतल्या रस्त्यांवरच गेली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रस्ता पाण्याने मरतो, डंपर नुसता निमित्त होतो. आपल्या वर्धा खोऱ्यात वर काळी माती, मे महिन्यात ती एवढी कडक असते की लोडेड डंपर गेला तरी काही होत नाही आणि त्यामुळेच माणूस फसतो, कारण पहिला मोठा पाऊस झाला की तीच माती फुगते आणि लोण्यासारखी होते. ६० टनी डंपर भरला की स्वतःच्या वजनासकट १०० टनांच्या वर जातो, तो तिच्यावर कसा उभा राहणार? म्हणून काळी माती उकरून काढायचीच, खाली कडक थर लागेपर्यंत. मग ओबीतला (कोळशावरून काढलेल्या माती-दगडातला) मोठा दगड, त्यावर बारीक, सगळ्यात वर मुरूम किंवा गिट्टी, आणि प्रत्येक थर वेगळा दाबायचा. एकदम जाड थर टाकला तर रोलर वरवर दाबतो, आत पोकळच राहतं.

दगड निवडताना एक नक्की बघा. आपल्याकडे ओबीत कामठी नावाच्या थराचा वाळूखडक भरपूर निघतो, तांबडा-पिवळा, ढेकूळ बघितलं तर चांगला दगड वाटतो पण टायरखाली काही दिवसांत त्याची वाळू होते. दोन तुकडे हातात घेऊन एकमेकांवर घासा, तळहातावर वाळू सांडली तर वरच्या थराला तो घेऊ नका.

चढ १:१६ (सोळा मीटरला एक मीटर) पेक्षा जास्त नको हे कोळसा खाणींच्या नियमांतच आहे. रुंदीचं म्हणाल तर दोन्हीकडून गाड्या येत असतील तिथे सगळ्यात रुंद गाडीच्या किमान तिप्पट, म्हणजे ६० टनीला साधारण १५ मीटर, नाली आणि बर्म त्याच्या बाहेर. बर्म म्हणजे कडेचा मातीचा बांध, आम्ही तो मोठ्या टायरच्या उंचीएवढा ठेवायचो आणि त्यात तडजोड करू नका हे मी हात जोडून सांगतो. मी होतो त्या एका खाणीत मे एंडला घाईघाईत रॅम्पचा, म्हणजे खाणीतून वर येणाऱ्या चढाच्या रस्त्याचा, दीडशे मीटरचा तुकडा काळी माती न काढता तसाच मुरूम पसरून चालू केला, पावसाळ्यानंतर बघू म्हणून. जुलैत रात्रपाळीला लोडेड डंपर चढता चढता थांबला आणि ब्रेक लावलेला असूनही मागे सरकत येऊन बर्मला टेकला. बर्मच्या पलीकडे सरळ खालची बेंच, म्हणजे खाणीची खालची पायरी. ऑपरेटर पंचविशीचा पोरगा, शिडीवरून उतरला तेव्हा त्याच्या हातात पाण्याची बाटली धरवत नव्हती. तेव्हापासून बर्म कुठे वाहून गेलेला दिसला की मी तिथली वाहतूक थांबवायचो, मग वरून कोणाचाही फोन येवो.

आता मेंटेनन्स. रस्त्याला मधून कडेकडे २-३ टक्के उतार पाहिजे म्हणजे पाणी थांबत नाही, आणि हा उतार टिकवतो तो ग्रेडरवाला (ग्रेडर म्हणजे पात्याने रस्ता खरवडून सारखा करणारं मशीन). चांगला ग्रेडर ऑपरेटर मिळाला तर त्याला जपा, त्याच्यासोबत केबिनमध्ये दोन-चार शिफ्ट बसा, पुस्तकात नसलेलं खूप कळेल. फक्त ग्रेडिंग झाल्यावर कडेला जो वरंबा राहतो तोच पाणी अडवतो, त्याला जागोजाग कट द्यायला लावा आणि नाली संपेपर्यंत मोकळी आहे का ते स्वतः चालत जाऊन बघा, गाडीतून दिसत नाही. खड्ड्यात पाणी असताना वरून मुरूम लोटणं हे सगळीकडे चालतं आणि ते चूक आहे, दोन ट्रिपात तो माल चिखल होऊन बाहेर येतो. आधी पाणी आणि गाळ काढा, कडक तळ लागू द्या, मग दगड भरून दाबा.

वरचे लोक रस्त्यासाठी दगड आणि मशीन द्यायला कुरकुर करतात तेव्हा त्यांना डिझेलचा हिशोब दाखवा. चाक अडीच सेंटीमीटर रुतलं तर साधारण दीड टक्का चढ वाढल्यासारखं होतं, भरून १०० टन झालेल्या गाडीला दीड टन जास्तीची ओढ, तीही प्रत्येक फेरीला. शिवाय वळणावर सांडलेले दगड वेळेवर उचलले नाहीत तर टायर कापतो आणि त्या एका टायरची किंमत लाखांत असते.

उन्हाळ्यात उलटं, फुफाटा. पुढचा डंपर दिसत नाही आणि ती धूळ रोज छातीत जाते, त्यामुळे टँकर हवाच. पण रॅम्पवर सलग पाणी मारू देऊ नका, थोडं ओलं थोडं कोरडं असे पट्टे सोडायला सांगा म्हणजे ब्रेक लावल्यावर चाकाला कोरडी जमीन मिळते.

जॉइन झाल्यावर अडलं तर विचारा, फक्त डंपर किती टनी आहेत आणि रस्त्याखाली काय माती आहे ते लिहा, त्यावर बरंच अवलंबून असतं.