नव्या मरीन (खाऱ्या पाण्याच्या) टँकमध्ये वाळूवर तपकिरी थर आलाय. हे डायटमच (एकपेशी शेवाळ) आहे का, कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की टँकला पाच आठवडे झाले, दगड ड्राय रॉकचे (कोरडे, जीव नसलेले) आहेत, वाळू आरागोनाइटची (चुनखडीच्या जातीची), मासे दोनच. थर तपकिरी आहे, दुपारनंतर त्यात बुडबुडे दिसतात आणि नायट्रेट, फॉस्फेट दोन्ही शून्य येतात. दुकानदार म्हणाला, 'डायटम आहे, आपोआप जाईल.' जाईलही, पण तुमच्या वर्णनातलं शून्य आणि बुडबुडे वाचून मला आधी डायनोफ्लॅजेलेटचा, म्हणजे हौशी लोक ज्याला नुसतं 'डायनो' म्हणतात त्या एकपेशी जीवाचा, संशय आला. हा फरक आधीच लावून घ्या, कारण डायटमवर जे उपाय करतात (पाणी बदलणं, खाद्य कमी करणं, फॉस्फेट रिमूव्हर लावणं) त्यांनीच डायनो आणखी फोफावतात.

रंगावर जाऊ नका. डायटम, डायनो, सायनो (सायनोबॅक्टेरिया हे जिवाणू) तिघंही तपकिरी दिसू शकतात, आणि निळ्या लाइटखाली तर सगळं सारखंच दिसतं. बुडबुडेही पुरावा नव्हेत. प्रकाशात ऑक्सिजन सोडणाऱ्या कुठल्याही दाट थरात ते अडकतात.

आधी पॉवरहेड (प्रवाह देणारा पंप) बंद करा आणि सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजने थरावर हळूच पाण्याचा झोत मारा. डायटम भुकटीसारखा उडतो, काचेवर असेल तर बोटाच्या एका फटक्यात पुसला जातो. सायनोचा अख्खा पापुद्रा कडेपासून सुटून वर येतो आणि बाहेर काढल्यावर त्याला कुजका वास येतो. डायनोच्या शेंबडासारख्या चिकट तारा निघतात, टोकाला बुडबुडा धरून लोंबणाऱ्या. यातलं काहीच न होता थर दगडाला घट्ट धरून राहिला, तर ते हिरव्या केसाळ शेवाळाचं अगदी कोवळं रूप असू शकतं. चार दिवस थांबलात की धागे दिसायला लागतील.

मग रात्रीची पाहणी. लाइट बंद व्हायच्या आधी एक फोटो आणि सकाळी लाइट लागायच्या आधी टॉर्चच्या उजेडात त्याच जागेचा दुसरा. सकाळी वाळू जवळपास स्वच्छ आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा थर, असं रोज होत असेल तर डायनोची शक्यता बरीच वाढते. पण एवढ्यावर निकाल देऊ नका, वाळूवरचे डायटम आणि सायनोही रात्रीत थोडे फिके पडतात.

खरा उपयोग गाळणी-चाचणीचा. थरासकट थोडं टँकचं पाणी झाकणाच्या बरणीत घ्या आणि मिनिटभर जोरात हलवा, गुठळी राहता कामा नये. ते कॉफीच्या फिल्टर पेपरमधून (नसेल तर स्वयंपाकघरातल्या पेपर टॉवेलमधून) स्वच्छ काचेच्या ग्लासात गाळा आणि ग्लास टँकच्या लाइटखाली तासभर ठेवा. डायनोच्या सुट्या पेशी कागदातून निसटतात आणि पुन्हा एकमेकींना चिकटून तारा किंवा गोळे बनवतात. डायटम आणि सायनोमध्ये असं पुन्हा जमणं दिसत नाही. मात्र वाळूत राहणारे काही डायनो तारा फारशा करत नाहीत, म्हणून चाचणी कोरी गेली तरी पूर्ण निर्धास्त होऊ नका.

शंका राहिलीच तर सूक्ष्मदर्शक. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेतला ४०० पट मोठं दाखवणारा पुरतो, फोटो मोबाइल आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) लावून निघतो. डायटम होडीसारखे किंवा काडीसारखे, रेखीव कडांचे असतात आणि सरळ घसरत जातात. सायनो म्हणजे बारीक साखळ्या. ऑस्ट्रिऑप्सिस हा डायनो थेंबाच्या आकाराचा, टोक एका जागी धरून गरगर फिरणारा. अँफिडिनियम लंबगोल, वाळूत इकडेतिकडे पळणारा.

डायटम निघाले तर दुकानदाराचं बरोबर. ते सिलिकेटवर वाढतात, तो संपला की ओसरतात. पाणी मात्र तपासा. घरातल्या पिण्याच्या आरओमध्ये बहुधा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, म्हणजे त्यात थोडं न गाळलेलं पाणी मुद्दाम मिसळलेलं असतं. ते मरीन टँकला चालत नाही, आरओनंतर डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषून घेणारे मणी) हवंच. आणि रेझिन संपत आलं की सिलिकेट सगळ्यात आधी निसटतो. टीडीएस मीटरला तो जवळजवळ दिसतच नाही. मीटर ० दाखवतोय आणि महिनोन्‌महिने डायटम हटत नाहीत, असं झालं तर रेझिन बदला.

सायनो असेल तर तो थर सायफनने काढा, तिथे प्रवाह वाढवा, लाइट सहा-सात तासांवर आणा. तो जिवाणू असल्यामुळे एरिथ्रोमायसिनने मरतो, म्हणून लोक औषध ओततात. पाच आठवड्यांच्या टँकमध्ये हे करू नका. मोकळ्या झालेल्या जागेवर डायनो येऊन बसतात, हे नेहमीचंच आहे.

डायनो निघाले तर उलटा रस्ता धरायचा. पाणी बदलणं थांबवा, फॉस्फेट रिमूव्हर काढा, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) काही तासच चालवा. नायट्रेट ५ ते १० पीपीएम (दहा लाखात तितके भाग) आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमवर आणा, म्हणजे त्यांच्याशी स्पर्धा करणाऱ्या इतर जीवांना वाढायला वाव मिळतो. १०० लिटर पाण्यात ०.७ ग्रॅम सोडियम नायट्रेट टाकलं की नायट्रेट सुमारे ५ पीपीएमने वाढतं. शुद्ध प्रतीचंच घ्या, खताचं नको. फॉस्फेट चिकाटीने द्यावं लागतं. कोरा ड्राय रॉक ते शोषून घेतो आणि दुसऱ्या दिवशी टेस्ट पुन्हा शून्य येते. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगतो, त्यामुळे थेट टँकमधून पाणी ओढणाऱ्या यूव्हीने (अतिनील दिव्याच्या उपकरणाने) मरतो. अँफिडिनियम वाळू सोडत नाही, त्यावर यूव्हीचा पैसा वाया जातो. त्याच्यासाठी काही जण मुद्दाम सिलिकेट घालून डायटम वाढवतात.

ऑस्ट्रिऑप्सिस विषारी असतो. तो खाऊन गोगलगायी मरतात, म्हणून नव्या आणू नका, ॲक्टिव्हेटेड कार्बन लावा, हातमोजे घाला आणि सायफन तोंडाने ओढून अजिबात सुरू करू नका.

याला कंटाळून समुद्रातला दगड आणावासा वाटेल. जिवंत दगडावरच्या जीवाणूंचा आणि बारीक किड्यांचा फायदा खरा आहे, पण असा दगड बहुधा प्रवाळाचाच असतो आणि आपल्याकडे दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ चं संरक्षण आहे, तेव्हा तो विचार सोडा. आधीपासून स्थिरावलेल्या टँकमधली मूठभर वाळू एखाद्या ओळखीच्याकडून घ्या.

दगडावर पिसासारखी फांद्यांची रचना दिसली तर ब्रायॉप्सिस, हिरवी चकचकीत गोटी दिसली तर व्हॅलोनिया. ही दोन्ही नकोशी शेवाळं एकदोन असतानाच, जमलं तर दगड बाहेर काढून, मुळासकट खरवडा. जांभळे-गुलाबी कडक ठिपके हे कोरलाइन शेवाळ आहे, त्याला हात लावू नका.

फोटो टाकणार असाल तर लाइटचे निळे दिवे बंद करून, पांढऱ्या लाइटमध्ये, पंप दोन मिनिटं थांबवून घ्या. सोबत क्षारता, तापमान आणि फॉस्फेट कोणत्या किटने मोजलंत तेही लिहा. साध्या रंग-जुळवणीच्या किटचं 'शून्य' म्हणजे कधीकधी ०.०५ही असतं.